जहाज पुढे जात राहतं : ठाण्याच्या सहा जणांची क्रूझ आणि 23 जूनची रात्र

23 जून 2025, सोमवार. संध्याकाळी पावणेआठला मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलवरून कतारमधल्या दोह्याला निघालेलं विमान दीड तासाने, अरबी समुद्रावर असतानाच वळलं आणि रात्री अकराच्या सुमारास पुन्हा मुंबईलाच उतरलं. त्यात ठाण्याच्या घोडबंदर रोडवर राहणारं पाच जणांचं कुटुंब होतं: नवरा-बायको, पंधरा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांची आजी. सहावी होती नेरूळची आत्या. दोह्याला विमान बदलून त्यांना 24 तारखेला बार्सिलोना गाठायचं होतं. 25 जूनला संध्याकाळी सहा वाजता तिथून त्यांची सात रात्रींची भूमध्य समुद्रातली क्रूझ सुटणार होती.

हे कुटुंब प्रातिनिधिक आहे. त्यांच्या प्रवासाच्या वेळा आणि रुपयांचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. त्या रात्रीच्या घटना, नियम आणि कामाच्या पद्धती मात्र प्रत्यक्षातल्या आहेत.

पार्श्वभूमी थोडक्यात. 13 जूनला इस्रायलने इराणवर हल्ले सुरू केले. 22 तारखेला अमेरिकेने फोर्दो, नतांझ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर हल्ले केले. 23 तारखेला कतारने आपलं आकाश बंद केल्याचं जाहीर केलं, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साधारण सव्वानऊ वाजले होते. दहाच्या सुमारास इराणची क्षेपणास्त्रं दोह्याजवळच्या अल उदेद या अमेरिकी तळाच्या दिशेने सुटली. आकाश काही तासांतच, दोह्याच्या मध्यरात्रीनंतर, पुन्हा उघडलं आणि 24 तारखेला युद्धविरामही जाहीर झाला. पण दोहा हे विमानं बदलण्याचं ठिकाण आहे. शेकडो उड्डाणांची तिथे एकमेकांशी सांधेजोड असते. चार-पाच तासांची बंदी निस्तरायला काही दिवसही जाऊ शकतात, कारण विमानं भलत्याच शहरांत उभी असतात, वैमानिकांचे कामाचे तास संपलेले असतात आणि पुढच्या उड्डाणांत मोकळ्या जागा नसतात. उन्हाळी सुट्टीच्या हंगामात तर नाहीच.

या कुटुंबाने एक दिवस हाताशी ठेवला होता. एजंटने सांगितलं म्हणून नव्हे, आत्याने हट्ट धरला म्हणून. जहाज सुटण्याच्या दिवशीच विमानाने पोचायचं, हा आखणीतला दोष फार घरांत दिसतो. त्यांनी तो टाळला होता. तरीही ते अडकले, म्हणून हे प्रकरण अभ्यासण्यासारखं आहे.

परत उतरल्यावरचे चार तास

विमान उड्डाण करून परत आलं की प्रवासी कागदोपत्री भारताबाहेर गेलेला असतो. पासपोर्टवर प्रस्थानाचा शिक्का बसलेला असतो. म्हणून इमिग्रेशनच्या खिडकीवर तो शिक्का रद्द करून घ्यावा लागतो आणि रद्द झाल्याची खूण सहाही पासपोर्टवर उमटली आहे का, हे तिथेच उभं राहून पाहावं लागतं. गर्दीत एखादा पासपोर्ट राहून जातो. मग पुढच्या वेळी निघताना "आधीचं प्रस्थान आहे, आगमन कुठे आहे?" असा प्रश्न येतो आणि तो नेमका घाईच्या वेळी येतो. इथे मुलीचा पासपोर्ट राहिला होता. आईने पानं उलटून पाहिली म्हणून लक्षात आलं. ड्यूटी फ्रीमधून जाताना घेतलेल्या वस्तूही अशा वेळी परत कराव्या लागतात, पावती जपून ठेवावी.

सामान पट्ट्यावर यायला पहाटेचे साडेतीन वाजले. यातली एक गोष्ट अगदी जवळून सांगायला हवी. आजीला इन्सुलिन लागतं. दोन पेन, सुयांचं पाकीट आणि थंडाव्याची जेलची पिशवी असा सगळा संच स्टीलच्या डब्यात नीट बांधून मोठ्या बॅगेत ठेवला होता, "हातात सांडायला नको" म्हणून. ती बॅग विमानाच्या पोटात होती. रात्रीचा डोस साडेनऊचा. विमानतळावरच्या वैद्यकीय कक्षातून साखर तपासून घेतली आणि काम निभावलं. इन्सुलिन नेहमी हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवायचं. सुरक्षा तपासणीत चिठ्ठी दाखवली की ते नेऊ देतात. सामानाच्या कप्प्यात हरवण्याची भीती असतेच, शिवाय गोठण्याचीही असते, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं.

विमान कंपनीच्या काउंटरवर दोनशे माणसांची रांग होती. बाबा रांगेत उभे राहिले, आई फोनवर बसली, मुलाने कंपनीचं अ‍ॅप उघडलं. तिन्ही वाटा एकाच वेळी चालू ठेवणं बरोबरच होतं. मात्र काउंटरवरून एक कागद मागायचा राहिला, तो दुसऱ्या दिवशी ईमेलने मिळवावा लागला. उड्डाण अमुक क्रमांकाचं, अमुक कारणाने परत आलं, असं लिहिलेलं पत्र तो. पुढची प्रत्येक मागणी याच पत्रावर उभी राहते: विमा, जहाज, हॉटेल. बोर्डिंग पासचे तुकडेही फेकू नयेत.

तिकीट बार्सिलोनाचं, पण जहाज कुठे असेल?

पहाटे चारच्या सुमारास अ‍ॅपवर पर्याय आला: 26 जूनला रात्री निघून 27 ला दुपारी बार्सिलोना, पाच जागा (आत्याचं तिकीट वेगळं होतं, त्याबद्दल पुढे). घरच्यांना हायसं वाटलं. बाबांचं बोट "स्वीकारा"वर जाणार, इतक्यात आत्याने विचारलं, "अरे, पण 27 ला जहाज बार्सिलोनात असेल का?"

सगळ्या प्रकरणाचं मर्म या प्रश्नात आहे. हॉटेल जागच्या जागी असतं, उशीर झाला तर एक-दोन रात्री बुडतात. जहाज पुढे जात राहतं. उशीर झालेल्या माणसाने ते कुठून सुटलं हे विसरायचं आणि आपण पोचू त्या दिवशी ते कुठे असेल एवढंच पाहायचं. व्हाउचरवरचा बंदरांचा तक्ता असा होता: 25 बार्सिलोना, 26 मार्सेय, 27 जिनोआ, 28 चिवितावेक्किया म्हणजे रोमचं बंदर, 29 पालेर्मो, 30 समुद्रात, 1 जुलै पाल्मा, 2 जुलै परत बार्सिलोना. 27 ला बार्सिलोनात उतरले असते तर जहाज शेकडो किलोमीटरवर जिनोआत असतं आणि पुढे सहा जणांची इटलीची तिकिटं पदरच्या पैशांनी काढावी लागली असती.

मग कोणतं बंदर? मार्सेयसाठी 25 च्या रात्री मुंबई सोडावी लागली असती. त्या दोन दिवसांत कुठल्याच उड्डाणाचा भरवसा नव्हता. शिवाय त्याच महिन्यात एका भारतीय कंपनीने लांब पल्ल्याची उड्डाणं कमी केली होती, त्यामुळे युरोपच्या जागा आधीच आटल्या होत्या. जिनोआचा विमानतळ लहान. मिलानला उतरून रेल्वेने जायचं म्हटलं तर सहा बॅगा, व्हीलचेअर आणि फलाट बदलणं. चिवितावेक्किया मात्र रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर, आणि रोमला येणारी विमानं भरपूर. जहाज तिथे सकाळी आठला लागून संध्याकाळी सातला सुटणार होतं, म्हणजे चुकलंमाकलं तरी अकरा तास हाताशी.

आमचं ठाम मत आहे की हुकलेलं जहाज गाठताना पहिलं शक्य बंदर धरू नये, एक बंदर सोडून पुढचं धरावं. एक रात्र जास्त बुडते हे खरं. पण पहिल्याच बंदराच्या मागे धावलेली मंडळी दुसऱ्यांदाही हुकतात, आणि तेव्हा खिशातली सगळी ताकद संपलेली असते.

म्हणून विमान कंपनीकडे मागणी बदलली: बार्सिलोनाऐवजी रोम द्या, परतीचं बार्सिलोनाहूनच राहू द्या. अशा मोठ्या खोळंब्यात कंपन्या बदलाचं शुल्क माफ करतात आणि पुष्कळदा जवळचं दुसरं शहरही मान्य करतात. अ‍ॅपवर मात्र तसा पर्याय दिसत नाही. तो फोनवर किंवा काउंटरवर तोंडाने मागावा लागतो, तोही उड्डाण क्रमांक आणि तारीख सांगून. "काहीतरी बघा ना" असं म्हटल्यावर समोरचा माणूस पडद्यावर पहिलं जे दिसतं ते देतो. इथे 27 च्या पहाटेच्या विमानात तीन आणि सकाळच्या विमानात दोन जागा मिळाल्या, सगळ्या दोह्यावरून रोमला.

जागा फोडून घ्यायच्या तर माणसं कशी वाटायची? आई, मुलगी आणि आजी पहिल्या विमानात, बाबा आणि मुलगा दुसऱ्यात. प्रत्येक मुलाबरोबर आई किंवा बाप असलाच पाहिजे, कारण अठराच्या आतलं मूल एकाच पालकाबरोबर सीमा ओलांडताना दुसऱ्याच्या संमतीचं पत्र विचारलं जाऊ शकतं. तेही नौपाड्यातल्या नोटरीकडून दोन्ही बाजूंनी करून घेतलं. औषधं, प्रिस्क्रिप्शन आणि आजी एकाच गटात. परदेशात चालणारं एकेक कार्ड आणि जहाजाच्या व्हाउचरची एकेक प्रत दोन्ही गटांत. नवं तिकीट निघालं तेव्हा व्हीलचेअरची आणि शाकाहारी जेवणाची नोंद त्यावर आलीच नव्हती. बदललेल्या तिकिटावर या विनंत्या आपोआप येतील असं धरू नये, पुन्हा फोन करून टाकून घ्याव्यात.

व्हिसाची एक शंका सगळ्यांना येते. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांसाठी चालणारा एकच व्हिसा, स्पेनने दिलेला, कारण मुक्काम तिथे जास्त होता. मग इटलीत पहिलं पाऊल चालेल का? चालतं. व्हिसा खरा आहे, तारखेत आहे आणि प्रवासाचा हेतू तोच आहे, एवढं दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी जहाजाचं व्हाउचर, उड्डाण परत आल्याचं पत्र आणि चिवितावेक्कियाला चढण्याची परवानगी, असे तीन कागद छापून हातात ठेवायचे. फोनमधले नकोत, बॅटरी गेली की कागदही गेले. या क्रूझवरची सगळी बंदरं शेंगेन क्षेत्रातली असल्याने एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरला. मध्ये ट्युनिशिया किंवा तुर्कस्तान असतं तर अनेक प्रवेशांचाच लागला असता.

जहाजाला कळवणं

न कळवता जहाज सुटलं तर बुकिंगवर "नो-शो", म्हणजे प्रवासी आलाच नाही असा शेरा, लागतो. मग शंभर टक्के भाडं जातंच, पण केबिनही सोडली जाऊ शकते आणि पुढच्या बंदरावर दार उघडत नाही. म्हणून जहाज सुटण्याआधी, लेखी, ही पहिली अट. आणखी एक अडचण आहे. बुकिंग एजंटमार्फत असेल तर बहुतेक जहाज कंपन्या प्रवाशाच्या सांगण्यावरून बुकिंगमध्ये बदल करत नाहीत, एजंटच लागतो. एजंटचं ऑफिस राम मारुती रोडवर, उघडतं सकाळी साडेदहाला. व्हाउचरवरचा तातडीचा क्रमांक मात्र युरोपातला होता. उन्हाळ्यात बार्सिलोना आपल्या साडेतीन तास मागे असतं, म्हणजे मुंबईत रात्रीचा एक वाजला तेव्हा तिथे साडेनऊच वाजले होते. फोन लागला. फोनवरच्या बाईने बदल केला नाही, पण "उशिरा चढणार" अशी नोंद घेतली आणि नोंदीचा क्रमांक दिला. सकाळी एजंटने भारतातल्या जीएसएमार्फत, म्हणजे जहाज कंपनीच्या इथल्या अधिकृत विक्री प्रतिनिधीमार्फत, रीतसर अर्ज पाठवला.

त्या ईमेलमध्ये काय होतं ते सांगतो, कारण अर्धवट ईमेलला उत्तर यायला दिवस जातो. बुकिंग क्रमांक, दोन्ही केबिनचे क्रमांक, सहाही नावं पासपोर्टवर आहेत तशी, पासपोर्ट क्रमांक, परत आलेल्या उड्डाणाचा क्रमांक आणि तारीख, नव्या उड्डाणाचे तपशील, कोणत्या बंदरावर कोणत्या तारखेला चढायचं, आणि व्हीलचेअर लागेल ही सूचना. मागणी तीन गोष्टींची: चढण्याची लेखी परवानगी, त्या बंदरातल्या पोर्ट एजंटचं नाव व फोन, आणि केबिन राखून ठेवल्याची खात्री. पोर्ट एजंट म्हणजे जहाज कंपनीचा बंदरातला माणूस. गेटवर यादी त्याच्याकडे असते. त्याच्या यादीत नाव नसेल तर कितीही छापील तिकिटं दाखवा, बंदराच्या फाटकातून आत सोडत नाहीत.

परवानगी 25 तारखेला दुपारी आली. सुदैवाने ही कंपनी चिवितावेक्कियालाही नवे प्रवासी चढवणारी होती, म्हणजे तिथे चेक-इनचे काउंटर रोजचेच. जी जहाजं फक्त एका बंदरात प्रवासी घेतात तिथे ही परवानगी अडते, कधी मिळतच नाही. बुकिंग करताना हे विचारून घेण्यासारखं आहे.

मार्सेय आणि जिनोआच्या आगाऊ घेतलेल्या सहली 25 च्या रात्रीच रद्द केल्या. त्याचे पैसे परत आले, कारण मुदतीत कळवलं होतं. पेयांचं पॅकेज सात दिवसांचं होतं, त्यातले तीन दिवस गेले ते गेलेच.

कूपन

विमानाचं तिकीट आपल्याला एक दिसतं, पण यंत्रणेत ते कूपनांचं बनलेलं असतं. मुंबई-दोहा एक, दोहा-बार्सिलोना दुसरं, परतीची दोन. प्रत्येकाला स्थिती असते: उघडं, चेक-इन झालेलं, विमानात चढलेलं, उडालेलं. विमान वाटेतून परत आलं की पहिलं कूपन "उडालेलं" अशा स्थितीत अडकू शकतं, कारण यंत्रणेच्या दृष्टीने विमान उडालं. मग नवं तिकीट काढताना पडदा म्हणतो, प्रवासी दोह्यात आहे. काउंटरवरचा माणूस गोंधळतो, फोन ठेवला जातो आणि रांगेत पुन्हा उभं राहावं लागतं.

त्यासाठी नेमकं सांगायचं: "उड्डाण परत आलं आहे, पहिलं कूपन उघडं करून तिकीट इनव्हॉलंटरी रीइश्यू करा." रीइश्यू म्हणजे तिकीट नव्याने काढून देणं, आणि इनव्हॉलंटरी म्हणजे प्रवाशाची इच्छा नसताना कंपनीच्या बाजूने झालेला बदल. हा शब्द महत्त्वाचा आहे. तोच बदल प्रवाशाच्या मर्जीचा म्हणून नोंदला गेला तर भाड्यातला फरक भरावा लागतो.

दुसरा धोका याहून मोठा. घाबरून स्वतःच्या पैशांनी दुसऱ्या कंपनीचं जातानाचं तिकीट काढलं आणि जुन्या तिकिटाबद्दल काही सांगितलं नाही, तर जुन्याचा पहिला टप्पा न वापरलेला राहतो आणि परतीची कूपनं आपोआप रद्द होतात. माणूस सुट्टी संपवून बार्सिलोनाच्या विमानतळावर पोचतो आणि तिथे कळतं की परतीचं तिकीटच शिल्लक नाही. म्हणून आधी जातानाचा भाग रीतसर रद्द करून परतावा मागायचा, परतीची कूपनं उघडी असल्याचं लेखी घ्यायचं आणि मगच नवं तिकीट.

आत्याच्या बाबतीत हेच करावं लागलं. तिने आपलं तिकीट साठलेल्या माइल्सवर, म्हणजे आधीच्या विमानप्रवासांतून जमलेल्या गुणांवर, काढलं होतं. विमान तेच, आसन शेजारचं, पण पीएनआर, म्हणजे बुकिंगचा क्रमांक, वेगळा. काउंटरवर बाबा म्हणाले, "ताई, तुझं नाव आमच्यात येतच नाहीये." यंत्रणेला ती या घरातली नव्हतीच. दोन पीएनआर जोडल्याची नोंद करता येते, ती निघण्याआधी केली असती तर निदान शोध एकत्र झाला असता. माइल्सच्या जागा वेगळ्या कोट्यातल्या असतात आणि त्या रोमसाठी 1 जुलैपर्यंत नव्हत्या. शेवटी जातानाचे माइल्स आणि कर परत मागितले, परतीचा भाग टिकवला, तसा ईमेल हातात आल्यावरच फ्रँकफर्टमार्गे रोमचं एकेरी तिकीट 82,000 रुपयांना काढलं. आखाती आकाश पुन्हा बंद झालं असतं तरी निदान एक मोठं माणूस जहाजावर पोचलं असतं, ही त्यातली नकळत झालेली जमेची बाजू.

27 जूनला दुपारी तिन्ही गट रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर भेटले. रेल्वे स्वस्त पडली असती, पण स्टेशनवरून बंदरात जायला आधी लार्गो देल्ला पाचे या थांब्यापर्यंत बस आणि तिथून बंदराची मोफत शटल असे दोन टप्पे आहेत. आजीसाठी मोठी व्हॅन केली. रात्र चिवितावेक्कियात. 28 ला सकाळी साडेदहाला पोर्ट एजंटच्या यादीवर सहा नावं खुणावली गेली.

विमा, आणि 600 युरोंचा गैरसमज

शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाचा विमा लागतो, म्हणून पॉलिसी प्रत्येकाकडे असते. बहुतेकांनी ती व्हिसाच्या फाइलसाठी घेतलेली असते, वाचलेली नसते. या घराच्या पॉलिसीत प्रवासाला उशीर, हुकलेली जोड (म्हणजे पुढचं जोडविमान चुकणं) आणि प्रवास अर्धवट राहणं, या तिन्हींसाठी रकमा होत्या. दावा केला. फेटाळला गेला. कारण सर्वसाधारण अपवादांच्या पानावर होतं: युद्ध, आक्रमण, परकीय शत्रूची कृती, युद्ध जाहीर झालेलं असो वा नसो. आकाश बंद झालं ते क्षेपणास्त्रांमुळे, तेव्हा कलम थेट लागू पडत होतं. हुकलेल्या जोडीच्या कलमातही ठरावीक कारणांचीच यादी होती, त्यात हवाई क्षेत्र बंद होणं नव्हतं.

याच प्रकरणात आणखी एक फरक पडू शकतो: पॉलिसी कधी घेतली. 13 जूननंतर घेतलेल्या पॉलिसीवर कंपनी "ही घटना आधीच ठाऊक होती" असंही म्हणू शकते. विमा प्रवासाच्या आठवड्यात नव्हे, पहिला हप्ता भरतानाच घ्यावा, तो यासाठी.

इथे कलम स्पष्ट होतं म्हणून कुटुंबाने पुढे भांडण नेलं नाही, आणि ते योग्यच केलं. कलम संदिग्ध असेल तर मात्र सोडू नये. आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे. ठाणे आणि नवी मुंबईकरांना त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही, लोकपालांचं कार्यालय ठाण्यातही आहे. फी नाही, वकील लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात.

घराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसऱ्याच दिवशी कुणीतरी टाकलं की युरोपच्या नियमाप्रमाणे माणशी 600 युरो मिळतात. तो नियम म्हणजे युरोपीय संघाचा 261/2004. युरोपातून सुटणाऱ्या प्रत्येक उड्डाणाला तो लागतो. बाहेरून युरोपात येणाऱ्या उड्डाणाला मात्र विमान कंपनी युरोपीय असेल तरच. मुंबईहून आखाती कंपनीने जाताना तो लागत नाही. आणि लागला तरी युद्ध ही असाधारण परिस्थिती धरली जाते, त्यात रोख भरपाई नसते. जेवण, मुक्काम आणि दुसरं उड्डाण किंवा परतावा, एवढं मात्र युद्धातही द्यावंच लागतं. हा मुद्दा परतीसाठी कामाचा होता: 3 जुलैला बार्सिलोनाहून निघताना पुन्हा काही झालं असतं तर तिथे हॉटेल आणि जेवण मागण्याचा हक्क होता. भारतातल्या डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक नियामकाच्या, नियमांतही अशा कारणासाठी भरपाई नाही.

जहाज कंपनीकडून बुडालेल्या तीन रात्रींचे पैसे मागण्यात अर्थ नव्हता. करारात स्पष्ट लिहिलेलं असतं की वेळेवर बंदरात पोचणं ही प्रवाशाची जबाबदारी. बंदरं गाळण्याचा किंवा बदलण्याचा हक्कही कंपनीने राखून ठेवलेला असतो. तो कागदावरच राहत नाही: 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटल्यावर सेंट पीटर्सबर्ग बाल्टिक क्रूझमधून गळालं, आणि 2023 च्या शेवटापासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे तांबड्या समुद्रातून जाणाऱ्या क्रूझ आफ्रिकेला वळसा घालू लागल्या किंवा रद्द झाल्या. जहाज कंपनीच्याच योजनेतून विमानाचं तिकीट घेतलं असतं तर पुढच्या बंदरापर्यंत पोचवण्याचं काम तिच्याकडे गेलं असतं. ते तिकीट थोडं महाग पडतं. आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर ते पैसे द्यावेत असं आम्हाला वाटतं.

हिशेब

पाच जणांचं पॅकेज 8,60,000 रुपये, त्यावर 5 टक्के जीएसटी 43,000. एकूण 9,03,000 वर 5 टक्के टीसीएस (विक्रेत्याने ग्राहकाकडून आगाऊ गोळा केलेला आयकर), म्हणजे 45,150. 2025-26 मध्ये परदेशी टूर पॅकेजवर 10 लाखांपर्यंत 5 टक्के आणि त्यावरच्या रकमेवर 20 टक्के असा टीसीएसचा दर होता, म्हणून आत्याचा क्रूझचा भाग तिच्या स्वतःच्या पॅनवर घेतला होता. नाहीतर बाबांच्या पॅनवर मर्यादा ओलांडली गेली असती.

या घटनेने वाढलेला खर्च: आत्याचं तिकीट 82,000, चिवितावेक्कियाचं हॉटेल 38,000, व्हॅन 16,000, टी-टू ते ठाणे आणि नेरूळ अशा जादा टॅक्सी 5,000, आणि बार्सिलोनाच्या हॉटेलचे बुडालेले 31,000. बेरीज 1,72,000. त्यातून सहलींचे 14,500 आणि आत्याच्या तिकिटावरच्या करांचे 19,000 परत आले. निव्वळ फटका 1,38,500 रुपये. बार्सिलोनाच्या हॉटेलची परतावा नसलेली खोली रोज 1,800 रुपयांनी स्वस्त होती म्हणून घेतली होती. जहाजाच्या आदल्या रात्रीची खोली नेहमी रद्द करता येणारीच घ्यावी, कारण गडबड झाली की पहिली बुडते ती हीच रात्र.

टीसीएस हा खर्च नव्हे, आगाऊ भरलेला कर आहे. एजंटकडून फॉर्म 27डी, म्हणजे टीसीएस कापल्याचं प्रमाणपत्र, घेतला, फॉर्म 26एएस या आयकर खात्याच्या कर-नोंदपत्रात 45,150 ची नोंद जुळते का ते पाहिलं, आणि विवरणपत्र भरताना ती रक्कम वळती होते.

एजंटशी वाद झाला नाही. झाला असता तर तक्रार ठाण्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात करता आली असती, कारण 2019 च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथे तक्रार चालते. मोबदला 5 ते 10 लाखांच्या मध्ये असल्याने फी 200 रुपये, मुदत दोन वर्षं. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी, पुष्कळ परतावे तिथेच सुटतात.

परतीच्या आदल्या दिवशी, 2 जुलैला जहाज बार्सिलोनाला लागल्यावर, आईने विमान कंपनीला फोन करून सहाही जणांची परतीची कूपनं उघडी आहेत का हे विचारलं. पाच उघडी होती. आत्याचं "स्थगित" दाखवत होतं, जातानाचा भाग रद्द करताना कुणीतरी अख्ख्या तिकिटालाच खूण केली होती. 25 जूनचा तो ईमेल दाखवल्यावर चाळीस मिनिटांत ते उघडलं गेलं.